पानावर थांबलेला चेहरा: लहान मुलांसोबत भावनांची आणि मैत्रीची पिक्चर बुक्स वाचायला सुरुवात कशी करायची

तीन-साडेतीन वर्षांचं पोर जमिनीवर आडवं पडून रडत असतं आणि आपण वरून विचारत असतो, अरे काय झालं, सांग ना, बोल ना. ते सांगू शकत नाही कारण त्याच्याकडे त्यासाठी शब्दच नसतो, आणि असला तरी त्या क्षणी सापडत नाही, मोठ्यांना तरी कुठे सापडतो. ठोकळ्यांचा मनोरा पाडला म्हणून राग आलाय की ज्याने पाडला तो आपला लाडका दोस्त होता म्हणून वाईट वाटलंय, या दोन गोष्टी त्याच्या पोटात एकत्रच ढवळत असतात.

पिक्चर बुक इथे कामाला येतं, आणि माझ्या मते त्याचं कारण अगदी साधं आहे. खऱ्या आयुष्यात समोरच्याचा चेहरा क्षणात बदलतो, तो नीट बघायच्या आधीच पुढचं काहीतरी होऊन गेलेलं असतं. पानावरचा चेहरा मात्र थांबून राहतो. रागावलेलं अस्वल आपण पान उलटेपर्यंत रागावलेलंच असतं, मूल त्याच्याकडे हवा तेवढा वेळ बघू शकतं, त्याच्या भुवईवर बोट ठेवू शकतं, दोन पानं मागे जाऊन आधी काय झालं होतं ते परत तपासू शकतं. शिवाय तो राग दुसऱ्याचा असतो, त्यामुळे त्याबद्दल बोलताना मुलाला आपण पकडले गेलो असं वाटत नाही.

हे लक्षात ठेवलं की बाकीचं बरंच आपोआप जमतं. ज्यांनी अजून एकही असं पुस्तक मुलासोबत वाचलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, त्यामुळे पहिल्यापासून सुरू करते.

१. आधी मूल कुठे आहे ते बघा

पुस्तकावर छापलेलं वय हा अंदाज असतो, तुमच्या मुलाचा हिशोब नसतो. पण ढोबळमानाने काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

दीड-दोन वर्षांपर्यंत गोष्ट लागतच नाही. जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एक मोठा चेहरा असलेली पुस्तकं घ्या, खऱ्या बाळांचे फोटो असतील तर फारच छान, आणि प्रत्येक पानावर तुम्ही स्वतः तो चेहरा करून दाखवा. या वयाला तुमचा चेहरा हेच अर्धं पुस्तक.

दोन ते तीनच्या मध्ये एका पुस्तकात एकच भावना पुरते. आणि मैत्रीच्या लांबलचक गोष्टींची इथे घाई करू नका, कारण या वयाची मुलं बहुतेक वेळा एकमेकांसोबत नाही तर एकमेकांच्या शेजारी खेळतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्येच नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून हे मांडलं होतं, आधी एकट्याने खेळणं, मग शेजारी शेजारी खेळणं आणि मग हळूहळू खरंखुरं मिळून खेळणं. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला ‘शेअर कर’ वाली गोष्ट ऐकवून त्याने लगेच खेळणं द्यावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

चारच्या आसपास मोठा बदल होतो. आपल्याला जे माहितीये ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं, हे मुलाला कळायला लागतं. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये याचा एक प्रयोग केला, त्यात गोष्टीतला मुलगा बाहेर गेलेला असताना त्याने ठेवलेली वस्तू दुसरीकडे हलवली जाते, मग ऐकणाऱ्या मुलांना विचारतात की तो परत आल्यावर ती कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं नव्या जागेकडे बोट दाखवतात कारण त्यांना स्वतःला ती जागा माहीत असते, चारच्या पुढे हळूहळू बरोबर उत्तरं यायला लागतात. मैत्रीतले गैरसमज, सरप्राइज, गुपित, खोटं बोलणं, या सगळ्या गोष्टी मुलाला इथून पुढे खऱ्या अर्थाने समजतात.

आणि एकाच वेळी दोन उलट्या भावना असू शकतात, म्हणजे नव्या शाळेत जायचा आनंदही आणि जुनी मैत्रीण सुटली याचं वाईटही, हे तर मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत नीट मांडू शकत नाहीत. म्हणून चार वर्षांच्या मुलाने ‘तो खूश आहे’ एवढंच म्हटलं तर त्याने चूक केली असं समजू नका.

२. पुस्तक निवडताना शब्द झाका

मी नवीन पुस्तक हातात आलं की सगळ्यात आधी मजकूर हाताने झाकून फक्त चित्रं बघत जाते. चित्रांवरून कोणाला काय वाटतंय ते कळलं तर पुस्तक ठेवायचं, नाही कळलं तर परत. कारण मूल तुमच्या मांडीवर बसून तेच करणार आहे, तुम्ही अक्षरं वाचताय तोपर्यंत ते चित्र वाचत असतं.

चित्रात नुसतं तोंड वर किंवा खाली वळलेलं नको. खांदे पडलेत का, मुठी आवळल्यात का, बाकीचे सगळे एका बाजूला आणि हा एकटा पानाच्या कोपऱ्यात आहे का, ते बघा. चांगला चित्रकार भावना पानाच्या रचनेत घालतो. मॉरिस सेंडॅक यांचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, त्यात दंगा करून खोलीत पाठवलेल्या मुलाचा राग जसजसा वाढतो तसतशी चित्रं मोठी होत जातात, समास खाऊन टाकतात, आणि अगदी मधे तीन वेळा तर समोरासमोरची दोन्ही पानं नुसत्या चित्राने भरलेली आहेत, एक शब्द नाही. मग तो शांत होत घरी परततो तेव्हा चित्रं परत लहान व्हायला लागतात. मुलाला हे कोणी समजावून सांगायला लागत नाही, ते त्याला डोळ्यांनीच कळतं.

दुसरी गोष्ट बघायची म्हणजे वाईट वाटणं किती पानं टिकतं. बऱ्याच पुस्तकांत पाचव्या पानावर रडू येतं आणि सहाव्या पानावर कोणीतरी येऊन मिठी मारतं की संपलं. पिक्चर बुक साधारण ३२ पानांचं असतं (छपाई मोठ्या कागदावर होते, त्याच्या घड्या घालून आठ किंवा सोळा पानी फर्मे बनतात, त्यामुळे हा आकडा), म्हणजे लेखकाकडे जागा कमीच असते, पण तरी ज्या पुस्तकात भावनेला तीन-चार पानं राहू दिलंय ते घ्या. आपल्या मुलाचं रडू काही एका पानात थांबत नाही ना.

मैत्रीच्या पुस्तकांबद्दल माझं एक ठाम मत आहे. ज्या गोष्टीत वेगळ्या दिसणाऱ्या प्राण्याला सगळे चिडवतात आणि मग एके दिवशी तो सगळ्यांच्या उपयोगी पडतो म्हणून त्याला आपल्यात घेतात, ती गोष्ट मला मुलांना द्यावीशी वाटत नाही. तशीच ती, जिच्यात आपल्याकडचं सगळं वाटून टाकल्यावरच मित्र मिळतात. मूल त्यातून हेच उचलतं की मैत्री कमवावी लागते आणि जे चिडवत होते त्यांचं काही चुकलं नाही. अशी पुस्तकं घरात असतील तर फेकू नका, पण वाचताना ‘यांनी आधी असं वागायला हवं होतं का’ एवढं नक्की विचारा.

प्राणी की माणसं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. टोरंटोमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वाटून घेण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांच्या पात्रांसह आणि काहींना प्राण्यांच्या पात्रांसह वाचून दाखवली, नंतर माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. म्हणजे एखादी ठरावीक वागणूक मुलाच्या स्वतःच्या आयुष्यात उतरावी असं वाटत असेल तर मुलांचीच चित्रं असलेलं पुस्तक बरं. पण भीती, लाज, हेवा अशा अवघड भावनांसाठी मी अजूनही प्राणी निवडते, ससा घाबरला असं म्हणणं मुलाला ‘मी घाबरलो’ म्हणण्यापेक्षा खूप सोपं जातं. घरात दोन्ही असू द्या.

आणि सगळी पुस्तकं आपल्यासारख्याच घरातली नकोत, सगळी परक्या घरातलीही नकोत. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं, स्वतःला बघायचं, दुसऱ्याला बघायचं आणि मग तिकडे पाऊल टाकून यायचं.

३. मुलाच्या आधी तुम्ही एकटे वाचा

ही पायरी लोक गाळतात. रात्री झोपायच्या वेळी नवंकोरं पुस्तक उघडतात आणि मधेच लक्षात येतं की यात आजोबा वारतात, आणि आपल्याच घशात आवंढा अडकतो. तसं झालं तर वाईट काहीच नाही, मुलाने आपल्याला गहिवरलेलं बघावं, पण निदान आपल्याला ते माहीत असावं.

एकट्याने वाचताना अजून एक बघायचं, चित्र काय सांगतंय जे शब्द सांगत नाहीत. पॅट हचिन्स यांचं १९६८ चं ‘रोझीज वॉक’ बघा, त्यात एक कोंबडी फेरफटका मारून घरी येते, एवढंच मजकुरात आहे, पण जवळजवळ प्रत्येक चित्रात तिच्या मागे एक कोल्हा आहे आणि मजकुरात त्या कोल्ह्याचा उल्लेखच नाही. कोंबडीला कळलंय का? तिला भीती का वाटत नाहीये? चार वर्षांच्या मुलाला यावर बोलायला खूप असतं, कारण आपल्याला दिसतंय आणि तिला दिसत नाही हे त्याला आत्ताच नव्याने कळायला लागलेलं असतं. अशा जागा आधीच हेरून ठेवल्या की वाचताना तिथे थांबता येतं.

४. वाचताना

पहिल्यांदा वाचताना काहीही विचारू नका. नुसतं वाचा, हळू वाचा, पान उलटायच्या आधी दोन श्वास थांबा. मुलाने स्वतःहून काही म्हटलं तर ऐका.

प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात, आणि एका वेळी दोन-तीनच. ‘हा रागावलाय का?’ असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही, विषय संपला. त्यापेक्षा ‘इथे काय झालं?’, ‘तुला कशावरून वाटलं?’, ‘ती मागे उभी आहे ना, तिला काय वाटत असेल?’ असं विचारा. ‘कशावरून’ हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, त्यावर मूल परत चित्राकडे जातं आणि आपल्याला कधीच न दिसलेलं काहीतरी दाखवतं, शेपूट खाली गेलीये, बाहुली उलटी धरलीये.

मुलाने जे सांगितलं त्यात थोडी भर घालून परत म्हणायचं. मूल म्हणालं ‘रडतोय’, तर तुम्ही, ‘हो, रडतोय, त्याला खेळायला घेतलं नाही ना म्हणून हिरमुसलाय.’ बस. मग तो शब्द पुढच्या वेळी ते स्वतःच वापरेल. अशा गप्पा मारत वाचण्यावर मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अभ्यास केला होता, दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना फक्त असं वाचायला शिकवलं आणि महिनाभरातच त्या मुलांची भाषा, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली.

उत्तर चुकीचं वाटलं तर दुरुस्त करू नका. लेक एकदा एका रडणाऱ्या हत्तीकडे बघून म्हणाली, तो झोपलाय. मी जवळजवळ म्हणणारच होते की नाही गं, पण थांबले, आणि मग ती म्हणाली, खूप रडून झोपलाय. ती बरोबर होती, चित्रात डोळे मिटलेलेच होते.

५. मराठीत शब्दांचा खजिना आहे तो वापरा

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपण मुलांना भावना शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा हॅपी, सॅड, अँग्री एवढ्या तीनच शिकवतो, मग सगळं त्या तीन डब्यांत कोंबायचं. आणि आपल्या भाषेत बघा, रागाचेच किती प्रकार आहेत. चिडणं वेगळं, रुसणं वेगळं, फुगून बसणं वेगळं, धुसफुसणं वेगळं, चरफडणं वेगळं. रुसण्यात ‘तू मला मनवायला ये’ अशी हाक असते, चिडण्यात ती नसते. चार वर्षांच्या मुलाला हा फरक अगदी व्यवस्थित कळतो कारण ते दिवसातून दोनदा रुसत असतं.

वाईट वाटण्याचं पण तसंच, हिरमुसणं, खट्टू होणं, मन भरून येणं, हुरहुर लागणं. भीतीचं बावरणं, बिचकणं, भेदरणं, धास्तावणं. चूक लक्षात आल्यावर ओशाळणं. दुसऱ्याचं चांगलं बघून हेवा वाटणं. पुस्तकातल्या मजकुरात नुसतं ‘तो दुःखी झाला’ असेल तर वाचताना तुम्ही बदलून ‘तो हिरमुसला’ म्हणा, कोणी अडवत नाही. पुस्तक दुसऱ्या भाषेतलं असेल तर शब्दशः भाषांतर करत बसू नका, चित्र बघून आपल्या घरच्या भाषेत गोष्ट सांगा, भावना घरच्या भाषेतच आतपर्यंत पोचतात.

अगदी लहानांना भावनेचं नाव कळण्याआधी ती अंगात कुठे जाणवते ते कळतं, आणि त्यासाठीही आपल्याकडे तयार वाक्यं आहेत. पोटात गोळा आला. छातीत धडधडतंय. तोंड एवढंसं झालं. हातपाय गार पडले. जीव भांड्यात पडला. ‘बघ, सशाच्या पोटात गोळा आलाय’ म्हटलं की मूल आपल्या पोटावर हात ठेवतं, आणि मग कधीतरी सकाळी शाळेत जाताना ‘माझ्या पोटात गोळा आलाय’ असं सांगतं. पोट दुखतंय म्हणण्याऐवजी हे सांगता येणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

रंगांवरून भावना शिकवणारी पुस्तकंही मिळतात, लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदास वगैरे. सुरुवातीला ठीक आहेत. पण एखाद्या मुलाचा आनंद काळ्या रंगाचा असेल तर त्याला तो काळाच काढू द्या.

६. मैत्रीची पुस्तकं: भांडण महत्त्वाचं

मैत्रीचं पुस्तक म्हणजे दोघं हातात हात घालून इंद्रधनुष्याखाली फिरतायत, असं असेल तर मुलाला त्यात करण्यासारखं काही नसतं. मुलांच्या मैत्रीत खरा भाग कट्टीचा असतो, आणि कट्टीनंतर बट्टी कशी झाली त्याचा. दोघांच्या जोडीत तिसरा आला. तिने मला वाढदिवसाला बोलावलं नाही. तो म्हणाला तू लहान आहेस, तू नको येऊस. माझा मित्र दुसऱ्या गावाला गेला. घरात यातल्या निदान दोन-तीन प्रसंगांची पुस्तकं हवीत, आणि प्रसंग घडायच्या आधी वाचलेली हवीत.

एकच पुस्तक दोन बाजूंनी वाचून बघा. पहिल्यांदा ज्याला खेळायला घेतलं नाही त्याच्या बाजूने, तीन-चार दिवसांनी ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या बाजूने. त्यांनी का घेतलं नसेल? त्यांना काय वाटत होतं? मूल बहुतेकदा फक्त पहिल्याशी नातं जोडतं, पण दुसऱ्या बाजूला पण ते कधीतरी उभं असतंच, आणि त्या बाजूने ‘मी वाईट आहे’ असं न वाटता बघता यायला हवं.

‘सॉरी म्हण’ वर संपणाऱ्या गोष्टींपेक्षा काहीतरी करून नातं जोडणाऱ्या गोष्टी जास्त उपयोगी. ख्रिस राश्का यांचं ‘अ बॉल फॉर डेझी’ हे शब्दच नसलेलं पुस्तक आहे, त्याला २०१२ चं कॅल्डेकॉट मेडल (अमेरिकेतलं पिक्चर बुकच्या चित्रांसाठीचं मोठं पारितोषिक) मिळालं. डेझी नावाच्या कुत्रीचा लाडका लाल चेंडू दुसऱ्या कुत्र्याकडून फुटतो, ती पानांमागून पानं नुसती दुःखात असते, आणि पुढे त्या दुसऱ्या कुत्र्याकडूनच तिला निळा चेंडू मिळतो. लाल तो लालच, तो परत येत नाही. तुटलेलं जसंच्या तसं होत नाही पण तरी पुढे खेळता येतं, हे एका शब्दाशिवाय सांगितलंय. ज्यांना वाचून दाखवताना संकोच वाटतो त्यांनी तर अशा बिनशब्दांच्या पुस्तकापासूनच सुरुवात करावी, तिथे चुकीचं वाचायची सोयच नसते.

७. पुस्तक मिटल्यावर

तात्पर्य सांगू नका. आपण सगळे ‘तात्पर्य’ लिहिलेल्या गोष्टी वाचत मोठे झालोय त्यामुळे शेवटचं पान आलं की जीभ वळवळतेच, मग यातून आपण काय शिकलो? त्या एका वाक्याने मुलाला कळतं की हा अभ्यास होता.

त्याहून वाईट म्हणजे ‘बघ, तू पण परवा असंच केलंस’. असं दोनदा झालं की मूल ते पुस्तक लपवून ठेवतं. जोडायचंच असेल तर स्वतःचं जोडा, ‘मला पण ऑफिसात पहिल्या दिवशी असंच बावरल्यासारखं झालं होतं’. मग मूल आपलं सांगेल किंवा नाही सांगणार, दोन्ही चालेल.

रडारड चालू असताना पुस्तक आणू नका, त्या वेळी जवळ घ्या, पाणी द्या, गप्प बसा. पुस्तक शांत वेळी. नंतर कधीतरी ‘त्या अस्वलासारखं झालं होतं का तुला?’ एवढं पुरतं.

मूल एकच पुस्तक वीस वेळा मागेल. द्या. त्यात काहीतरी त्याला अजून पुरतं उलगडायचं असतं. दुःखाच्या पानावर हसलं तर रागावू नका, कधीकधी अवघडल्यावर मुलं हसतात. एखादं पान उलटूच देत नसेल किंवा ते सोडून पुढे जात असेल तर तसंच करा, त्या पानाची नोंद मात्र मनात ठेवा. आणि मूल बरेच दिवस गप्प गप्प असेल, झोप उडाली असेल, खेळणं सोडलं असेल तर त्याला पुस्तक पुरणार नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

पहिला आठवडा असा करून बघा

एकच पुस्तक निवडा. पहिल्या दिवशी नुसतं वाचा. दुसऱ्या दिवशी मजकूर न वाचता दोघं मिळून फक्त चेहरे शोधा, हवं तर आरशासमोर बसून ते करून बघा. तिसऱ्या दिवशी सुट्टी. चौथ्या दिवशी परत वाचा आणि दोन जागी ‘कशावरून?’ विचारा. पाचव्या दिवशी एखादा नवा शब्द मधे सोडा, हिरमुसणं म्हणा किंवा ओशाळणं म्हणा. सहाव्या दिवशी मुलाला हवं ते. सातव्या दिवशी पुस्तक त्याच्या हातात द्या आणि म्हणा आज तू मला वाचून दाखव. गोष्ट भलतीकडे गेली तरी मधे बोलू नका, पानं उलटायचं कामही त्यालाच करू द्या.